राज्यसेवेच्या मुलाखतीला जाताय? मग एवढं कराच

राज्यसेवेची लेखी काढलीत, अभिनंदन! नव्या वर्णनात्मक परीक्षेत लेखीच्या १७५० गुणांसाठी बोटं झिजवलीत. मुलाखतीचे २७५ घालवायला तेवढे कष्ट पडत नाहीत, फक्त योग्य मार्गदर्शन हवं.

कपड्यांचं म्हणाल तर मित्राचा ब्लेझर मागून आणा. खांदे उतरले तरी चालतील, नम्र दिसाल.

खरी मेख छंदाच्या रकान्यात आहे. तिथे 'ट्रेकिंग' लिहा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर एवढं पाठ असलं की झालं, वर चढायची गरज नाही. एखादे सर खोदून विचारतील, "लोखंडी शिड्या लागल्या असतील ना? कशा वाटल्या?" गडबडू नका. "सर, त्या दिवशी धुकं फार होतं," असं ठोकून द्या. 'वाचन' लिहिणाऱ्यांनी शेवटचं वाचलेलं पुस्तक म्हणून चालू घडामोडींचं मासिक सांगावं.

आपल्या तालुक्याची माहिती अजिबात ठेवू नका. तुम्ही पैठणचे आहात, म्हणजे जायकवाडीचं विचारणारच. वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की नगर-नाशिक आणि मराठवाडा का भांडतात? २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप म्हणजे काय? अशा वेळी "पाणी ही काळाची गरज आहे, सर," म्हणून गाडी दावोसच्या गुंतवणुकीकडे वळवा. नाथसागराच्या काठी वाढलेल्या माणसाला दावोस जास्त कळतं, याचं पॅनेलला केवढं कौतुक वाटेल!

इंजिनीअरिंग सोडून इकडे का, हा प्रश्न ठरलेलाच. कॅम्पसला कंपन्या आल्या नाहीत, हे चुकूनही बोलू नका. लहानपणी गावात कलेक्टरसाहेबांची लाल दिव्याची गाडी आली होती आणि तेव्हाच ठरवलं, असं सांगा. दिवे २०१७ साली उतरले, पण उमेदवारांच्या उत्तरांत अजून लखलखतायत. (तुमच्या आधी आत गेलेल्यानंही हेच सांगितलं असेल. असू द्या, क्लास एकच असेल.)

आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द विसरून जा. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं जमलं की पुरे. पॅनेलवर त्याच विषयात हयात घालवलेला माणूस बसलेला असेल, तर त्याच्याशी दोन हात करायची अशी संधी पुन्हा मिळायची नाही.

जाण्याआधी निदान पाच क्लासमध्ये फुकटातली मॉक, म्हणजे सरावाची मुलाखत द्या आणि प्रत्येक ठिकाणी फोटो काढून घ्या. यादीत नाव आलं तर पाचही फ्लेक्सवर तुम्हीच झळकाल. नाही आलं, तरी त्यातल्याच एखाद्या क्लासला मुलाखत मार्गदर्शक हवाच असतो.