तंजावर एका दिवसात होत नाही हो!

लेखात तंजावर एका दिवसात उरकायला सांगितलंय, ते अजिबात पटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस राहिलो, तरी पाय निघेना. बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतलाय. आई तिथे अर्धा तास एकेक ओळ वाचत उभी होती, डोळे पुसत. इतक्या लांब आपली अक्षरं! सरस्वती महाल ग्रंथालयही चुकवू नका.

आणि जवळच्या तिरुवैयारूला जाऊन अशोका हलवा खाच. मुगाच्या डाळीचा, केशरी रंगाचा, गरमागरम. पानावर घेतला की तूप बोटांवर ओघळतं. वर डबरा म्हणजे पसरट वाटीतून दिलेली फिल्टर कॉफी.