पिठीचं सलाईन आणि सोसायटीची सभा

ठाण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इथे स्टुटगार्टला हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. बाहेर मिट्ट काळोख असतो. मी चहा टाकते आणि पाचपाखाडीच्या घरी व्हिडिओ कॉल लावते. सलाईनची बाटली कोमट पाण्यातून काढून बाबांनी खिडकीतल्या हुकाला टांगलेली असते. दिवाळीत त्या हुकाला आकाशकंदील लागतो. आई आमच्या मांजरीला, पिठीला, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते, मानेमागची कातडी चिमटीत वर उचलते आणि सुई आत सरकवते. शंभर मिली जायला पाच-दहा मिनिटं लागतात. कातडीखाली पाण्याचा फुगा येतो, मग तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि जिरतो. पहिल्यांदा तो पाहून आई घाबरून रडली होती. आता ती शांतपणे कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात ‘१००’ लिहिते. दर सोमवारी पिठीचं वजनही तिथेच लिहिलं जातं.

पिठी तेरा वर्षांची आहे. २०१२ च्या पावसाळ्यात ती आम्हाला मीटररूममध्ये सापडली, ओल्या चिंधीएवढी. गेल्या वर्षी ती सारखी पाणी पिऊ लागली, सकाळी उठून ओकू लागली, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. रक्त तपासलं तर मूत्रपिंडाची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन ३.४. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, चारांपैकी तिसरी पायरी, असं डॉक्टर म्हणाले. मांजराच्या रक्तात हा आकडा चढलेला दिसतो तोवर मूत्रपिंडाची जवळजवळ पाऊण ताकद गेलेली असते, आणि गेलेली परत येत नाही. एक दिवसाआड सलाईन, फॉस्फरस कमी असलेलं खाणं आणि मळमळीची गोळी, एवढ्यावर उरलेली ताकद जास्त दिवस पुरवायची.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेऊ नये, असा ठराव तीत यायचा आहे. आईबाबा पाचव्या मजल्यावर राहतात आणि बाबांचे गुडघे कामातून गेलेत. तपासणीला जाताना पिठीची टोपली त्यांनी जिन्यानं उतरवायची, मग रिक्षा शोधायची. ठरावावरून सोसायटीच्या ग्रुपवर बोलणं वाढलं आणि एकानं लिहिलं, माणसांना औषधं मिळत नाहीत आणि इथे मांजराला सलाईन लावतात. आमचा मामाही मला फोनवर म्हणाला, ‘अगं, तिकडची फॅडं इकडे कशाला आणतेस?’

मामाशी वाद घालायला मला आवडत नाही, पण हे तिकडचं नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. मुंबईतली कितीतरी माणसं गाय, कुत्रा, पोपट घेऊन तिथे गेली, तेव्हा त्यांना कुणी जर्मनीचं नाव घेऊन हिणवलं नसेल. प्राणिमात्रांवर दया करणं हे आपल्या राज्यघटनेनं १९७६ पासून नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातलंय. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच सांगितलं आहे. इथे जर्मनीत भाडेकरारात कुत्र्यामांजरांवर सरसकट बंदीचं कलम टाकता येत नाही, असा सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा निकाल २०१३ चा आहे. म्हणजे कागदावर दोन्हीकडे फारसा फरक नाही.

पैशांचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. महिन्याला चारेक हजार लागतात. ते मी पाठवते, आणि कुणाच्या तरी घरात तेवढ्यात महिन्याचं धान्य येतं हे मला कळतं. पण पिठीच्या आजारपणात सगळ्यात मोठा खर्च पैशांचा नाहीच. आई वर्षभरात नाशिकला मावशीकडे एकदाही मुक्कामाला गेलेली नाही. मावसभावाच्या लग्नातही जेवून रात्रीच परतली. अडुसष्ट वर्षांची बाई एका मांजराच्या वेळापत्रकाला बांधली गेली आहे, आणि त्या मांजराला घरात आणणारी मी साडेसहा हजार किलोमीटरवरून फक्त बघते. ग्रुपवर सगळे पैसे मोजतात, तिचे दिवस मोजत नाहीत. मला त्याचा राग येतो, आणि त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच आहे.

इथे आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या मांजराला हाच आजार आहे. प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, असं इथला दिवाणी कायदा १९९० पासून म्हणतो. प्राण्यांचं रक्षण २००२ मध्ये इथल्या राज्यघटनेतही आलं. डॉक्टरांची फीसुद्धा सरकारी तक्त्यानं ठरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो तक्ता बदलला, तेव्हा मांजराच्या साध्या तपासणीचा मूळ दर ८.९८ युरोवरून २३.६२ युरोवर गेला. त्यावर कर वेगळा, आणि डॉक्टर मूळ दराच्या तिपटीपर्यंत आकारू शकतात. आजींनी आजार निघाल्यावर विम्याची चौकशी केली. आधीपासूनचा आजार विम्यात बसत नाही, असं उत्तर आलं. तरी पेन्शनीतून त्यांनी भागवलं असतं. अडलं ते निराळ्याच गोष्टीवर. सुई टोचायची तर मांजराला धरायला दुसरं माणूस लागतं, आणि त्यांच्याकडे दुसरं माणूस नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी फार संकोचून मला विचारलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी कामावरून आले की मी खाली जाते, त्यांचं मांजर धरते, त्या सुई लावतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाठीचा कणा हाताला लागला आणि मला पिठीची आठवण अनावर झाली.

पाचपाखाडीत बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन आठवडे चौथ्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा क्लास सुटला की वर यायचा आणि पिठीला धरायचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याची आई मांदेलीची डोकी वाटीत घालून पाठवायची. मासे पिठीला आता चालत नाहीत, त्यांत फॉस्फरस फार, हे आईनं तिला समजावलं. तेव्हापासून ती आईबाबांसाठी कालवण पाठवते. एका काकांनी मात्र अंग गरम लागतंय म्हणून तापाची गोळी अर्धी करून द्यायला सांगितली होती. आईनं आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून निभावलं. पॅरासिटामॉल मांजराला थोडीशीही जीवघेणी ठरते. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

हे असे शेजारी हाताशी असलेली सोसायटी लिफ्टवरून भांडत बसते, याचं मला वाईट वाटतं. कुणाला केसांची अ‍ॅलर्जी असेल, कुणाला भीती वाटत असेल, तर टोपलीवर चादर टाकू, लिफ्ट रिकामी होईपर्यंत थांबू. आईबाबांची कशालाच ना नाही.

मामाचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. कशाला तिचे हाल करता, झोपवून टाका, असं तो म्हणतो. आजींना इथल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच भेटीत याबद्दल विचारलं, तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. आता वाटत नाही. सबळ कारणाशिवाय प्राण्याचा जीव घेणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे डॉक्टर हा विषय वजन करूनच काढतात. आपल्याकडे घरात तो शब्दही उच्चारायचा नाही, आणि मग शेवटचे आठवडे जनावर नुसतं निपचित पडून काढतं. पिठी अजून खिडकीत चढते, अंग चाटते, वाटीचा आवाज आला की येते. तोवर मामाचं मी ऐकणार नाही. पण खाणं सुटलं, अंग चाटणं थांबलं, आणि सलाईननंही चार दिवसांत उठली नाही, तर डॉक्टरांना घरी बोलवायचं, आणि ते पाप नाही, असं मी आईला सांगितलं आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू तेव्हा फोनवर राहा.’

सभेसाठी सेक्रेटरींना मी पत्र लिहिलं आहे. त्यात २०१५ चं ते परिपत्रक आहे, बाबांचे गुडघे आहेत, चौथ्या मजल्यावरच्या मुलाचे आभार आहेत. काल ते आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अजून एक लिही. सभा अकराला ठेवू नका म्हणावं, रविवारी पिठीचं सलाईन आहे.’