‘नळी लागली की माणूस संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेल्या पेशंटच्या घरी व्हॉट्सॲपवर हमखास येणारा एक मेसेज आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘नाकात किंवा पोटात नळी घातली की पेशंट पुन्हा तोंडाने जेवत नाही, म्हणून होता होईल तो टाळा. घातलीच तर घशाला पूर्ण विश्रांती द्या. नळीतून फक्त दूध, नारळपाणी, मोसंबीचा रस आणि पेज द्या. साखर नको, साखरेने गाठ वाढते. गोळ्या कुटून त्यातच मिसळा. नळी तुंबली तर कोला ओता. हवा मारल्यावर पोटात गुडगुड ऐकू आली की नळी जागेवर आहे.’

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्याजोगं नाही.

‘नळी घातली की पुन्हा जेवत नाही.’ नळी बहुतेक वेळा ठरावीक काळासाठी असते. गाल, जीभ किंवा जबड्याचं ऑपरेशन (तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे हेच जास्त) झाल्यावर मांडीचा किंवा छातीचा फ्लॅप (तिथून काढलेला कातडी-मांसाचा तुकडा) तोंडात शिवला, तर टाके भरेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, तिथून अन्न जाऊ द्यायचं नसतं. तेवढ्यापुरती नाकातली राइल्स ट्यूब पुरते. चार आठवड्यांहून जास्त लागेल असं दिसलं, तर डॉक्टर पोटातून घालायची पेग नळी सुचवतात. रेडिएशन सहा-सात आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे गिळताना आग होते. तेव्हा हट्टाने नळी टाळली, तर वजन उतरतं, रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क सैल होतो, अंगातलं पाणी कमी होऊन भरती व्हावं लागतं आणि रेडिएशनमध्ये खंड पडतो. हा खंडच सर्वांत महाग पडतो, कारण त्याने गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते.

नळी घालायला उशीर झालाच असेल तर आणखी एक सांभाळायचं. आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देऊ नये. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम खाली येतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. रक्त तपासत, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चढत जायचं.

‘घशाला विश्रांती द्या.’ संपूर्ण मेसेजमध्ये सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने होतं. नळी निघाल्यावरही काहींना जेवता येत नाही हे खरं आहे, पण तो दोष नळीपेक्षा न गिळण्याचा जास्त असतो. रेडिएशनने घशाचे स्नायू आखडत जातात आणि न वापरलेले स्नायू आणखी लवकर दुबळे होतात. म्हणून टाके भरल्यावर गिळण्याच्या थेरपिस्टने परवानगी दिली, की नळी असतानाही रोज थोडं तोंडाने गिळायचं. मनाई असेल तर लाळ तरी गिळत राहायचं आणि सांगितलेले व्यायाम करायचे: जोर लावून गिळणं, जिभेचं टोक दातांत धरून गिळणं, तोंड उघडण्याचा ताण. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर 35 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तोंड आखडतंय असं समजा आणि वाट न बघता दाखवा. मात्र परवानगीशिवाय पाणीही पाजू नका. काही पेशंटचं पाणी श्वासनळीत जातं आणि ठसकाही लागत नाही. एक्स-रेवर किंवा दुर्बिणीतून गिळणं तपासल्यावरच ते कळतं.

तोंडाने खाणं बंद म्हणजे दात घासणंही बंद, असं अनेक घरांत होतं. ते उलट वाढवायचं असतं, कारण घाणेरडी लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आणि लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व एक चहाचा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. गुळणी जमत नसेल तर ओल्या गॉजने तोंड पुसून घ्या.

‘फक्त दूध, नारळपाणी, रस आणि पेज.’ हिशेब करून बघा. 50 किलोच्या पेशंटला दिवसाला साधारण 1250 ते 1500 कॅलरी आणि 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. मेसेजमधल्या चारही गोष्टी प्रत्येकी दोन ग्लास दिल्या तरी जेमतेम 600-700 कॅलरी आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं होतात. पोट फुगलेलं आणि माणूस उपाशी.

एका वेळचं साधं फीड असं: गाईचं दूध 150 मिली, दोन मोठे चमचे स्किम्ड मिल्क पावडर, मोठा चमचाभर नाचणी सत्त्व पाण्यात शिजवून, दोन चहाचे चमचे साखर, एक चहाचा चमचा तेल, आणि पाणी घालून एकूण 250 मिली. यात सुमारे 270 कॅलरी आणि 11 ग्रॅम प्रथिनं येतात. असं दिवसातून सहा वेळा. सत्त्व मोड आणलेल्या नाचणीचं घ्या, ते शिजल्यावर पातळ राहतं. साध्या पिठाची खळ होते. मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळायचंच. कच्चं अंडं घालू नका. खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवलेलं फीड टाकून द्या. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, दूध पचत नसेल, तर प्रमाण आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या.

साखरेचं म्हणाल, तर साखर बंद करून गाठ उपाशी मरत नाही. शरीर स्नायू जाळून साखर तयार करतं. वजन मात्र पेशंटचं जातं.

फीड देताना पाठ 30 ते 45 अंश उंच हवी आणि नंतरही तासभर तशीच. 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती फनेलसारखी धरा आणि फीड आपल्या वजनाने 15-20 मिनिटांत उतरू द्या. घाईने ढकललेलं किंवा फ्रिजमधलं थंडगार फीड हे जुलाबाचं नेहमीचं कारण. आधी आणि नंतर 30 मिली पाणी.

‘गोळ्या कुटून मिसळा.’ प्रत्येक गोळी वेगळी, अगदी बारीक पूड करून पाण्यात, आणि दोन गोळ्यांमध्ये 10-15 मिली पाणी. फीडमध्ये मिसळल्या तर नळी तुंबते आणि किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. काही गोळ्या कुटायच्याच नसतात. पँटोप्राझोलचं आवरण फोडलं की पोटातल्या आम्लात औषध वाया जातं. हळूहळू सुटणारी मॉर्फिनची गोळी कुटली तर पूर्ण डोस एकदम अंगात उतरून श्वास मंदावू शकतो. फार्मसिस्टला विचारा, बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं.

‘तुंबली तर कोला.’ कोला आम्ल आहे, दुधाची प्रथिनं त्याने आणखी गोठतात. (दुधापाठोपाठ मोसंबीचा रस दिल्यावर होतं तेच.) कोमट पाणी 50 मिलीच्या सिरिंजने हलकं आत-बाहेर करा, 15-20 मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा करा. छोट्या सिरिंजचा दाब जास्त असतो, त्याने नळी फुटते. तार तर घालूच नका.

‘गुडगुड ऐकू आली की जागेवर.’ नळी अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात असली तरी हवेचा आवाज येऊ शकतो. नळी घातल्यावर पहिली खात्री एक्स-रेने. नंतर दर फीडआधी नळीवरची नाकपुडीजवळची खूण बघा. नळीतून सिरिंजने ओढलेल्या पोटातल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) पट्टीवर 5.5 किंवा कमी आला तर ठीक. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे तो जास्तही येऊ शकतो. खूण सरकली असेल, खोकला किंवा धाप लागली असेल, तर फीड थांबवून दवाखाना गाठा.

पेग निसटून बाहेर आली तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. पोटावरचं छिद्र काही तासांत आकसतं. त्यावर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी पिशवीत घालून सोबत घ्या आणि त्याच दिवशी जा. नळी बसवून चार आठवडेही झाले नसतील, तर ती घरी परत घालायचा प्रयत्न अजिबात करू नका. मार्ग पक्का झालेला नसतो, आणि नळी चुकून जठराऐवजी त्याच्या बाहेर पोटाच्या पोकळीत गेली तर पुढचं फीड तिथेच सांडतं.