बोटीला भोक पाडायचं कुणी?

बेळगावला समुद्र नाही हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे, पण आमच्या मेहुण्याला ते मान्य नाही. त्याचं म्हणणं असं की मांडवी म्हणजेच म्हादई, आणि म्हादई उगवते आमच्या खानापूर तालुक्यात, म्हणजे पणजीत त्याच्या बोटीखाली जे पाणी आहे ते मुळात माझ्याच जिल्ह्यातनं आलंय, मग त्या पाण्यावर त्याची बोट जेट्टीला नीट लागत नसेल तर निस्तरायचं मीच. त्यात माझं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, छोटंसं मशीन शॉप. "दाजी, तुम्ही लोखंडातली माणसं, तुम्हाला काय अवघड हाय?" आता बोट अख्खी फायबरची, पण बायकोच्या भावाला नाही म्हणायची तरतूद कुठल्याच राज्याच्या कायद्यात नाही.

बोट म्हणजे मोटर यॉट, ११ मीटर, सेकंड हँड, इंजिन एकच, डिझेल. वर दुमजली घर आणि पाण्याखाली जेमतेम पोट, त्यामुळे वारा आला की पहिल्यांदा तोंड जातं. जेट्टीजवळ स्पीड कमी केला की सुकाणूवरनं पुरेसं पाणीच जात नाही, मग व्हील कितीही फिरवा, व्यायाम होतो तेवढाच. रिव्हर्स टाकला तर पंखा मागचा भाग एका बाजूला ओढतो, आणि कुठल्या बाजूला ते पंखा ठरवतो, मेहुणा नाही. संध्याकाळी दर्यावरचा वारा सुटला की तोंड पणजीकडं, मागचा भाग पलीकडच्या काठावरच्या बेतीकडं, आणि मेहुणा मधे उभा राहून बायकोवर ओरडतोय. खरं सांगायचं तर तो जेट्टीला लागत नाही, जेट्टीच त्याला लागते. कुठल्या धक्क्याला लागायचं हे न ठरता तरंगत राहायची सवय आम्हा सीमाभागवाल्यांना १९५६ पासून आहे, पण हा गोव्यात राहून बिघडलाय, त्याला सगळं लगेच पाहिजे.

तर त्यावरचा उपाय म्हणजे बो थ्रस्टर. बोटीच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीखाली, या कुशीतनं त्या कुशीत आरपार एक पाइप घालायचा, त्याला टनेल म्हणतात, त्यात आडवा पंखा, आणि बोटीच्या आत, पाइपाच्या वर मोटार. जॉयस्टिक डावीकडं ढकलली की तोंड डावीकडं, उजवीकडं ढकलली की उजवीकडं. ऐकायला इतकं सोपं की मी फोनवरच "होतंय की" म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर विषय काढला. इथं फौंड्रीवाले, हायड्रॉलिकवाले, गिअरवाले सगळे एकाच बाकावर बसतात, आणि आयुष्यात यॉट बघितलेला त्यातला एकही नाही, त्यामुळे मतं एकदम ठाम. फौंड्रीवाला म्हणाला, विकत कशाला घेतोस गा, पंखा मी ब्राँझमध्ये ओतून देतो. हायड्रॉलिकवाला म्हणाला इलेक्ट्रिक तापतंय, हायड्रॉलिक बसव, दिवसभर चालीव. आता हे खरंच आहे, मोठ्या बोटींवर बऱ्याचदा हायड्रॉलिक असतो, पण त्याला इंजिनवर पंप पाहिजे, तेलाची टाकी पाहिजे, आणि मेहुण्याच्या इंजिन रूममध्ये उंदराला वळायला जागा नाही. तिसऱ्यानं ट्रकचा स्टार्टर सुचवला. आणि एक पेन्शनर काका होते ते चहा संपेपर्यंत गप्प बसून शेवटी एवढंच म्हणाले, "त्याला बोट घ्यायला कुणी सांगितलंतं?" सगळ्यात मुद्द्याचं तेच होतं, पण उशीर झालेला.

मग मी बिलबुकाच्या पाठीमागं हिशोब मांडला. सेकंदाला १० मीटर वारा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, दर चौरस मीटरला साधारण ६० न्यूटन दाब देतो. बोटीची वाऱ्याला लागणारी बाजू १८ चौरस मीटर, म्हणजे १०८०. बोट काय सरळ भिंत नाही, म्हणून पाऊणपट धरायचं, झाले ८१०. वारा लागतो मधोमध आणि थ्रस्टर असतो पार तोंडाशी, तरफेचा फायदा मिळतो, म्हणून खरी गरज ४४० न्यूटनच्या आसपास, म्हणजे ४५ किलोचा रेटा. आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून जरा वरचा घ्यायचा. शेवटी ६० किलोवाला, १८५ मिलिमीटर टनेलचा ठरला. हे सगळं मेहुण्याला फोनवर समजावून सांगत होतो तर मागनं त्याची बायको बोलली, "साठ किलो रेट्यासाठी एवढे पैसे? मग ह्यांनाच उतरून ढकलू देत की, पंच्याऐंशी किलोचे आहेत."

कंपनी कुठली यावर आणि आठवडाभर घोळ. डच लोकांचा व्हेटस, नॉर्वेच्या स्लाइपनरचा साइड-पॉवर, इटलीचा क्विक, मेहुण्याला प्रत्येकाचा रंग आवडलेला. अरे बाबा, तो पाण्याखाली असतो! शेवटी ज्याचे स्पेअर लवकर मिळतील तो घेतला, आणि रंगाचं दुःख त्यानं जॉयस्टिकवर भागवलं.

मग करंट. मोटार तीन किलोवॉट, बॅटरी १२ व्होल्ट, भागाकार केला की २५० अँपिअर, आणि मोटार जे वाया घालवते ते धरलं की तीनशेच्या वर. बॅटऱ्या मागं इंजिनपाशी, थ्रस्टर पुढं तोंडाशी, जाऊन-येऊन २० मीटर केबल. ७० चौरस मिलिमीटरची जाडजूड तांब्याची केबल टाकली तरी दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो, आणि व्होल्टेज पडलं की रेटा पडतो, म्हणजे साठ किलोचे पैसे देऊन पन्नास किलो पदरात. म्हणून वेगळी बॅटरी पुढंच ठेवायची, पुढच्या बेडखाली. तिथं मेहुण्याच्या बायकोच्या बॅगा होत्या. या वाटाघाटीत मी पडलो नाही, माझे नातेसंबंध दोन्हीकडचे आहेत. मी नेलेला वायरमन गोकाकचा, चोर्ला घाटात तीनदा गाडी थांबवायला लावलेला, तो फ्यूजचा आकार बघून म्हणाला, "साहेबरे, इदु आगल्ला," म्हणजे हे होणार नाही. मग दोन तासात सगळं करून मोकळा. आमच्याकडं आगल्ला म्हणजे आधी चहा सांगा.

आणि आता खरी गोष्ट. भोक.

चांगली धडधाकट बोट, कधी थेंब आत आलेला नाही, तिला पाण्याच्या पातळीखाली आपण होऊन दोन भोकं पाडायची, तीही वीतभर रुंद, आणि वर त्याचे पैसे द्यायचे! ती गोलही नसतात, कारण बोटीची कुस तिरकी, सरळ पाइप तिरक्या भिंतीतनं गेला की छेद लंबगोल येतो. म्हणून दोन्ही बाजूला आधी बारीक भोक, त्यातनं सळई आरपार, आणि त्या सळईवर दुसरी वाकडी सळई फिरवून लंबगोल काढायचा. टनेलची वरची कड पाण्याच्या खाली निदान अर्ध्या व्यासाइतकी पाहिजे, नाहीतर पंखा वरनं हवा ओढतो आणि पाण्याऐवजी फेस ढकलत बसतो. तरफेसाठी जितकं पुढं तितकं चांगलं, पण पुढं पोट वर चढत जातं, मग जितकं खोल तितकं चांगलं, आणि या दोघांच्या भांडणात जी जागा उरते नेमकी तिथं कुणीतरी आधीच पाण्याची टाकी बसवलेली असते.

यार्डातला फायबरचा कारागीर गोवेकर, निवांत माणूस. मेहुणा थरथरत होता तर तो "भिऊं नाका" म्हणाला आणि जिगसॉ लावला. पहिला लंबगोल तुकडा खाली पडला तेव्हा मेहुण्यानं तो उचलून रुमालात गुंडाळून ठेवला. काय करणार आहे त्याचं, मी विचारलं नाही.

मे महिना होता. पावसात काम धरलं तर दमटपणानं फायबर नीट सुकत नाही, म्हणून जूनच्या आत उरकायचं, पण मेच्या उन्हात रेझिनमध्ये हार्डनर टाकला की तो लावेपर्यंत मगातच धूर काढून दगड होतो. कारागिरानं मग सकाळी सातलाच काम धरलं, थोडं थोडं कालवून, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर आतनं-बाहेरनं चढवले, आणि टनेलच्या तोंडाच्या कडा घासून गोल केल्या, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतक्या, नाहीतर धारदार कडेवर पाणी फुटून रेटा कमी आणि आवाज जास्त. बाहेरनं अँटीफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणूनचा रंग मारताना मेहुण्याला बजावलं की झिंकच्या अॅनोडला रंग लावायचा नाही. त्यानं विचारलं, "मग तो गंजेल की." गंजण्यासाठीच असतोय तो, पंख्याच्या ऐवजी तो झिजतो. यावर तो बराच वेळ अॅनोडकडं आदरानं बघत राहिला, घरचा जावई असल्यागत.

बोट पाण्यात उतरली. आत थेंब नाही, मी तीन टॉर्च लावून बघितलं. मेहुण्यानं जॉयस्टिक ढकलली आणि असला आवाज निघाला की मिरची कांडपाची गिरणी कुणी बोटीत बसवलीय असं वाटावं, जेट्टीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली, पण तोंड मात्र सुतासारखं सरळ आत आलं. आधी जेट्टीवरनं जे फुकट सल्ले यायचे, "मागं घे, पुढं घे, सोड सोड", ते सगळे त्या आवाजात बुडाले, आणि मला विचाराल तर निम्मे पैसे तिथंच वसूल.

निघताना मी त्याला नीट सांगितलं होतं, ही मोटार सलग दोन-तीन मिनिटांसाठीच असते, जास्त दाबलंस तर तापून आपोआप बंद पडते, थोडं थोडं दाबायचं, टिचकी मारल्यावाणी. "कळतंय की दाजी" म्हणाला.

आठवड्यानं रात्री फोन. मागं वाऱ्याचा आवाज, त्याच्याही मागं त्याच्या बायकोचा.

"दाजी, थ्रस्टर मेला."

"मेन स्विच चालू आहे का?"

"हाय."

"फ्यूज?"

"बरा हाय."

"किती वेळ दाबून धरलावतास?"

उत्तर नाही. मी म्हणालो, तापलीय मोटार, गार होईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांब.

"मी थांबतोय हो," तो म्हणाला, "वारा कुठं थांबालाय?"