पडलेल्या झाडालाही मालक असतो, भावोजी

गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात आत्याच्या परसातला फणस आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या ग्रुपवर भावोजींचा फॉरवर्ड येऊन पडला. खाली त्यांची स्वतःची एकच ओळ : "शनिवारी येतो, मशीन घेऊन." मशीन म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला चेनसॉ, साखळीची यांत्रिक करवत. तो आजवर बदलापूरच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर खोक्यातच होता.

एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे जातो. पण आत्याने लगेच फोन करून विचारलं, "अरे, परवानगी लागत नाही म्हणे? मग सांगू का त्याला ये म्हणून?" त्यामुळे हे लिहिणं आलं.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "सरपण विकत घेऊ नका, फुकट मिळवा" असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. पडलेल्या झाडाला मालक नसतो, परवानगी लागत नाही. पुरात वाहून आलेलं लाकूड उचलेल त्याचं. पडलेलं झाड कापण्यात धोका शून्य, कारण ते आधीच पडलेलं आहे. चेनला जुनं इंजिन ऑइल चालतं. ओलं लाकूड जास्त वेळ जळतं, वाळवत बसू नका. आणि कुठलंही लाकूड चालतं. शेवटी अर्थातच "गावाकडच्या सर्वांना पाठवा."

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर दंड होईल किंवा डोळे चुरचुरतील. यात माणूस जाईल.

"आधीच पडलेलं आहे" म्हणजे जणू झाड निजलंय. उभं झाड निदान स्वतःच्या वजनावर सरळ तोललेलं असतं. पडलेलं झाड कुठेतरी टेकलेलं, कुठेतरी अडकलेलं, कुठेतरी पीळ बसलेलं असतं. ओली काठी गुडघ्यावर वाकवून बघा. वरच्या अंगाला ताण येतो, खालच्या अंगाला दाब. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड मधे झोल खातं, तेव्हा हेच उलटं : वरून दाब, खालून ताण. वरून करवत घातली की काप मिटतो आणि मशीनची पट्टी, जिच्याभोवती साखळी फिरते ती, आत अडकते. अधांतरी लोंबणारा भाग असेल तर ताण वर. तो खालून कापत गेलात तर पुन्हा पट्टी अडकते आणि वरून बेधडक कापलात तर लाकूड उभं चिरत फाटतं. जाणता माणूस आधी दाबाच्या बाजूने थोडा काप देतो, मग ताणाच्या बाजूने हळूहळू येतो, आणि उभा राहतो तो जिथे खोड उसळणार नाही तिथे. हे वाचता येण्यासाठी झाडाभोवती दोन फेऱ्या माराव्या लागतात. मेसेजमध्ये फेऱ्या नाहीत.

सगळ्यात वाईट गोष्ट मुळांची. मुळासकट उपटलेल्या झाडामागे मातीचा, मुळ्यांचा एक उभा गड्डा असतो आणि त्याखाली खड्डा. तो गड्डा उभा असतो तो खोडाच्या वजनाने. बुंध्यापाशी खोड तोडलं की वजन गेलं, आणि गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो, कधी वर उरलेल्या बुंध्यासकट सरळ उभा राहतो. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या दापोली-मंडणगडकडेही आंबे, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा आमच्या वाडीत एक आंबा असाच कापला. गड्डा बसला तेव्हा खड्ड्यात फक्त एक घमेलं आणि चपलांचा जोड होता. चपलांचा मालक दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यायला पडवीत गेला होता. घमेलं आम्ही परत काढायच्या भानगडीत पडलो नाही.

म्हणून बुंध्याला लांब खोड ठेवून कापतात, गड्डा आधी चेन पुलीने किंवा जेसीबीने धरून ठेवतात, आणि खड्ड्याकडे पोरंबाळं, कोंबड्या, कुणालाही फिरकू देत नाहीत. फांद्यांमध्ये विजेची तार असेल तर महावितरणच्या माणसाने लाइन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत हातही लावायचा नाही. "लाइट गेलीच आहे" हा पुरावा नव्हे.

आणि मशीनचं स्वतःचं वेगळंच. साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग एखाद्या फांदीला चुकून लागला की पट्टी वर आणि मागे, थेट तोंडाकडे उसळते. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. पुढच्या मुठीसमोर जो पंजा असतो तो ब्रेक आहे, मशीन धरायची कडी नव्हे. पडलेल्या झाडाच्या फांद्यांच्या गुंत्यात टोक कशाला लागतंय ते दिसतच नाही. भावोजी, तुम्ही बर्म्युडा आणि सँडल घालून येता, म्हणून एवढं सविस्तर.

आता मालकीचं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २ मध्ये इमारती लाकडाची व्याख्या आहे. तीत पडलेली झाडं आणि पाडलेली झाडं दोन्ही शब्दांत लिहिलेली आहेत, शिवाय कापलेलं वा न कापलेलं सगळं लाकूड. शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबालासुद्धा हा मेसेज कुणीतरी लिहिणार याची कल्पना होती असं दिसतं. पुढे कलम ४५ : वाहून आलेलं, काठाला लागलेलं, बुडालेलं लाकूड कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं. म्हणजे दुसरा मुद्दा तिथेच निकालात. नदीवर काटक्या वेचणाऱ्या म्हातारीला कुणी धरत नाही, हे खरं आहे आणि धरूही नये. पण "उचलेल त्याचं" हा कायदा नाही, आणि टेम्पो लावून ओंडके भरणाऱ्याला ती म्हातारी ढाल म्हणून वापरता येत नाही. शिवाय पुराच्या लाकडाच्या सालीत वाळू अडकलेली असते. दोन ओंडक्यांत धार जाते, मग कानस घेऊन बसा.

परसातल्या झाडाचं काय? इथे भावोजींना अर्धा गुण देणं भाग आहे. काजू, माड, पोफळ, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची नावं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या यादीत नाहीत. पण त्या यादीत साग, खैर, चंदन यांच्या जोडीला आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळसुद्धा आहेत. म्हणजे कोकणात परसात जे जे पडतं, त्यातलं निम्मं. तोच कायदा म्हणतो की मेलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडाची परवानगी नाकारायची नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा कुठूनतरी हेच अर्धवट ऐकलं आणि "लागत नाही" करून टाकलं. नाकारता येत नाही म्हणजे मागावी लागते. मागितलीच नाही तर नाकारणार काय?

शहरी भागाला १९७५ चा वेगळा कायदा आहे. रस्त्याकडेची झाडं सरकारची, ती पडली म्हणून आपली होत नाहीत. शेजाऱ्याच्या बांधावरचं शेजाऱ्याचं. आणि देवराईत तर पडलेली काडीही लोक उचलत नाहीत. तिथे कुठल्या कलमाची गरज कधी पडली नाही.

एक गोष्ट मला खुपते ती वेगळीच. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या कातकरी बाईला रस्त्यावर चारजण हटकतात, "कुठून तोडलीस गं?" तिच्याकडे कोयता असतो आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांना गोळा करायचा हक्क असलेल्या किरकोळ मालात, काटक्या, झुडपं, खुंट धरलेले आहेत. तिला कुणी हा कायदा फॉरवर्ड करत नाही. शनिवार-रविवारच्या चेनसॉवाल्यांना मात्र "फुकट" शब्द पुरतो.

राहिलेले तीन मुद्दे झटपट. जुनं काळं ऑइल : साखळीवरचं तेल परत जमा होत नाही, ते सगळं उडतं. तोंडावर, मातीवर आणि ज्या लाकडावर उद्या भाकरी भाजायची त्यावर. इंजिनातून निघालेल्या तेलात धातूची बारीक कीस आणि आरोग्याला घातक रसायनं असतात. चेनचं तेल संपलं तर एक दिवस खाद्यतेल चालेल, फक्त मग साफ न करता ठेवलंत तर त्याचा चिकटा होतो.

ओलं लाकूड जास्त वेळ जळतं : जळत नाही, धुमसतं. ताज्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असतं. तुमचा विस्तव आधी ते पाणी उकळतो आणि उरलेल्या उष्णतेत तुमचा भात. त्याचा धूर कुणाच्या छातीत जातो? चूल फुंकणाऱ्या बाईच्या. घरातल्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या आकड्यांवरून सांगितलं आहे. आमच्याकडे शिमग्याच्या आधी तोडून, फोडून, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवून आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आत पडवीत रचायची पद्धत उगाच पडलेली नाही. आत्ता कापलेला फणस या पावसाळ्यात जाळायचा नाही. फोडून आडोशाला रचायचा, पुढच्या वर्षाला.

कुठलंही लाकूड चालतं : बिब्ब्याची फांदी चुलीत घालून बघा म्हणतो मी. नको, खरंच घालू नका. त्याच्या चिकाने फोड येतात आणि धुराने तोंड सुजतं. काजूच्या सालीलाही हातमोजे लागतात.

भावोजींनी यावर नुसता अंगठा पाठवलाय. शनिवारी ते येणारच आहेत, तर येऊ देत. फांद्या कोयत्याने साफ करायला हात लागतीलच. खोडाला तालुक्याचा कटरवाला सांगितलाय, तो परवानगीचा कागद बघितल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. अर्ज मी लिहून आत्याकडे दिलाय. गट नंबर तेवढा तिला सातबारा बघून भरायचाय.