इनस्क्रिप्टसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांत टंकन करण्याची कीबोर्डवरील अक्षररचना, शिकण्यासाठी मराठी अक्षरे छापलेला कीबोर्ड आणि विकतचे सॉफ्टवेअर घ्यावेच लागते, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात दिलेली ही रचना विंडोज आणि लिनक्समध्ये मुळातच असते व भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की वापरता येते. स्वर डावीकडे आणि व्यंजने बहुतांशी उजवीकडे असून ‘के’वर क, तर शिफ्टसह ख उमटतो. ‘डी’वर हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह) असल्याने जे, के, डी, एल या क्रमाने ‘रक्त’ उमटते. खात्री हवी असल्यास आपल्याच संगणकावर करून पाहावे. सराव लागतो, हे मात्र खरे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.