डॉक्टरांनी वापरलेलं विमान, सिंगल हँड

यंदा तुरीने हात दिला असेल, ट्रॅक्टरचे हप्ते फिटले असतील आणि तरीही रात्री शांत झोप लागत असेल, तर एक सेकंडहँड विमान घेऊन टाका. शिकाऊ पोरांचं साधं विमान नको. ते म्हाताऱ्या बैलासारखं असतं, चुकलं तरी घरी आणून सोडतं. घ्यायचं तर 300 घोड्यांचं, एका पिस्टन इंजिनाचं, हवेत गेलं की चाकं पोटात ओढून घेणारं. अमेरिकेत 200 हून जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन असलं की त्याला 'हाय परफॉर्मन्स' म्हणतात आणि पायलटला त्याची वेगळी शिकवणी लागते. आपण एवढं मनावर घ्यायचं नाही. 50 घोड्यांचा ट्रॅक्टर आपलं पोट्टं नववीत असताना हाकतं. हे त्याच्या सहापट, एवढंच.

माझ्या साडूंनी घेतलं, म्हणून अनुभवाने सांगतो. साडू तालुक्याला डॉक्टर आहेत. 40 तास उडून त्यांनी खासगी पायलटचं लायसन्स काढलं. कायद्याने कमीत कमी तेवढेच लागतात. मग जीव जडला तो बोनान्झावर. बीचक्राफ्टचं हे विमान 1947 साली बाजारात आलं, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वयाचं. त्याची एक जात व्ही आकाराच्या शेपटीची, 1982 पर्यंत निघायची. तिला वैमानिकांनी ठेवलेलं नाव 'दुभंग्या शेपटीचा डॉक्टरमार'. शेपटीच्या मजबुतीची भानगड होतीच, पण खरी गोम अशी की विमान घेण्याइतका पैसा ज्यांच्याकडे होता, त्यांच्याकडे ढगात शिरून परत येण्याचा सराव नव्हता. हे नाव घरी सांगू नका. साडूंनी नाही सांगितलं. मी सांगितलं, पण तोवर टोकन गेलं होतं.

आता पाहायचं कसं? बैलजोडी घेताना आपण खालचा ओठ ओढून दात पाहतो, दोनदाती, चारदाती की जुळलेला. खांदा पाहतो, खूर पाहतो, बंडीला जुंपून ओढ पाहतो, तीन बाजार फिरतो. विमानाच्या बाबतीत असा संशय शोभत नाही. दलालाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, रंग चमकतोय, सीटांना नवं लेदर आहे, झालं. विमानाचा सातबारा म्हणजे लॉगबुक. आम्ही पाहिलं त्यात मधली पाच वर्षं गायब होती. उंदरांनी खाल्ली, असं कळलं. वावराच्या सातबाऱ्यावर एक फेरफार सुटला असता तर साडूंनी तलाठ्याकडे वर्षभर खेटे घातले असते. इथे ते उंदरांवर हसले.

'कमी चाललेलं' मिळालं तर सोडूच नका. विहिरीवरचं डिझेल इंजिन एक पावसाळा पडून राहिलं की हँडल मारता मारता खांदा निखळतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते विहिरीवरचं. विमानाचंही इंजिन पडून पडून आतून गंजतं, रबरी पाइप वाळतात, म्हणून कंपनी ओव्हरहॉलची मुदत तासांतही सांगते आणि वर्षांतही. या इंजिनांना साधारण 1700 ते 2000 तास, नाहीतर 12 वर्षं, जे आधी भरेल ते. दलाल तास सांगतो. वर्षं आपण विचारायची नाहीत, बरं दिसत नाही.

पाहायला आम्ही तिघं गेलो, मी, साडू आणि सासरे, म्हणजे मामाजी. शेडमध्ये विमान उभं. पंखावर पारव्यांची शीट, इंजिनाच्या झाकणाखाली चिमणीचं घरटं, वेग मोजायच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. साडूंनी सोबत मेकॅनिक नेला होता, एवढी एक चूक त्यांच्याकडून झाली. त्याने प्लग काढले आणि एकेका सिलिंडरमध्ये 80 पौंड दाबाने हवा सोडली. किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर पाहायचं. पहिल्यात 72, दुसऱ्यात 70, चौथ्यात 52. त्याने वहीत मांडलं, 52/80. साडूंनी वाकून पाहिलं आणि सवयीने उलटं वाचलं, "80/52? पेशंट असता तर सलाइन लावली असती." मेकॅनिकने त्यांना सायलेन्सरच्या नळीला कान लावायला सांगितला. आतून बारीक फुसफुस. इथून हवा येते म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, ऑइलच्या तोंडातून आली असती तर रिंगा. साडू गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, ऐकत राहिले. मग उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "आवाज गोड आहे."

मामाजींनी एक चक्कर मारली. विमानाच्या पोटाला लागलेलं ऑइल बोटाने पुसलं, वास घेतला आणि विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" तासाला 55 ते 60 लिटर, वेग 300 च्या पुढे, म्हणजे लिटरला पाचेक किलोमीटर. "मंग हे तं जीपच झाली." नंतर ते मालकाकडे वळले. "भाऊ, चांगलं हाये तं कायले इकून राह्यले?" मालक हसला आणि त्याने चहा मागवला.

अशी माणसं सोबत नेऊ नका.

टोकननंतरचं सगळं सोपं. हे इंजिन अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या मोबाइल नावाच्या शहरात बनतं. साडू घरी म्हणाले, सिलिंडर मोबाइलवरून मागवलाय, आणि मेहुणी दोन दिवस दाराकडे पाहत बसली. पेट्रोलही पंपावरचं चालत नाही. 100 एलएल नावाचं निळं, शिसं घातलेलं लागतं. ते आपल्याकडे बाहेरूनच यायचं. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने देशी बनावटीचं आणलं. मोठ्या विमानतळावर सहज मिळतं ते जेटचं, रॉकेलचा थोरला भाऊ. ते यात भरलं तर नळीतलं जुनं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन झकास चालतं, म्हणजे साधारण जमीन सुटेपर्यंत.

उडायला मे महिना उत्तम. नागपूर 300 मीटर उंचीवर, त्यात 45 अंश. हवा इतकी पातळ होते की विमानाला वाटतं आपण दीड हजार मीटरवर आहोत. चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास. म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उभ्या उभ्या तुम्ही चिखलदऱ्याच्या वर पोचता, फक्त गारवा मिळत नाही आणि धावपट्टी पुरता पुरत नाही. त्यातून उतरून चहाला गेलात, की तापलेल्या इंजिनावरच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. मग स्टार्टर कण्हतो, पंखा दोन फेरे घेतो, थांबतो, पुन्हा कण्हतो आणि बॅटरी बसते. साडू आता चहा पीत नाहीत.

विमान नागपूरहून पाऊण तासात अकोल्याला नेतं. त्याआधी फ्लाइट प्लॅन, मग हवाई दलाच्या परवानगीचा एडीसी नंबर, मग उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर. तोवर अकोल्याची एसटी वाटेतलं तळेगाव ओलांडून गेलेली असते. वावरातच धावपट्टी करू, असं म्हणणारे भेटतील. खुशाल करा. काळी माती उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा देते, पावसाळ्यात बैल रुततो, मधल्या काळात तिथे हरभरा असतो. हरभरा असला की रोही, म्हणजे नीलगाई, आलेच.

तर घ्याच. 2025 च्या सप्टेंबरपासून खासगी वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी आहे, तेव्हा बाहेरून आणण्यापेक्षा ओळखीतलं बरं. आमच्या घरातच एक आहे. डॉक्टरांनी वापरलेलं, सिंगल हँड, दोन वर्षांत जेमतेम 21 तास चाललेलं, चौथा सिलिंडर कोरा. रंग परवाच दिलाय, फोटो पाठवतो. चिमणी यंदाही आली आहे, तिचं वेगळं काही लावणार नाही. भाव फोनवर नको. या, बैलबाजारासारखं दुपट्ट्याखाली हात घालून बोटांवर ठरवू. मामाजींचा दुसरा प्रश्न तेवढा विचारू नका. विचारलाच, तर चहा सांगून ठेवलेला आहे.